शॉर्ट शिफ्टर निवडताना : घाटरस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांसाठी

साताऱ्यातून बाहेर पडायचं म्हटलं की कुठला ना कुठला घाट आलाच. कासला जायचं तर यवतेश्वर, वाईहून पाचगणीला चढायचं तर पसरणी, मेढ्यावरून महाबळेश्वरला जायचं तर केळघर, पुण्याहून परतताना खंबाटकी, कराड-पाटणहून कोकणात उतरायचं तर कुंभार्ली. या रस्त्यांवर दुसरा-तिसरा-दुसरा असा गिअरचा खेळ अखंड चालू असतो. त्यामुळे मनापासून गाडी चालवणाऱ्याला कधी ना कधी वाटतंच, की गिअरचा दांडा जरा कमी हलावा, वळणात हात स्टिअरिंगवर लवकर परतावा आणि गिअर खटकन बसावा. शॉर्ट शिफ्टर, म्हणजे दांड्याची हालचाल कमी करणारा बदली भाग, त्यासाठीच असतो. पण तो निवडताना बहुतेक जण ‘किती टक्के कमी’ या एका आकड्यावर जातात आणि तिथेच फसतात. दांड्याची हालचाल जितकी कमी होते तितका हाताचा जोर वाढतो, यातून कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही भागाची सुटका नाही. म्हणून आधी मोजायचं, मग जुनं दुरुस्त करायचं आणि त्यानंतरच नवं घ्यायचं, असा क्रम धरून पुढे सांगतो.

हा भाग करतो काय

गिअर लिव्हर म्हणजे मधल्या गोळ्यावर, म्हणजे पिव्होटवर डोलणारी तरफ. पिव्होटच्या वरचा भाग आपल्या हातात, खालचा भाग केबलला, रॉडला किंवा थेट गिअरबॉक्सला जोडलेला. समजा नॉबपासून, म्हणजे दांड्यावरच्या मुठीपासून, पिव्होटपर्यंत 240 मिमी आणि पिव्होटपासून खालच्या टोकापर्यंत 60 मिमी आहे. गुणोत्तर झालं 4. खालचं टोक 10 मिमी हलवायला नॉब 40 मिमी हलवावा लागतो.

आता दोन गोष्टी करता येतात. वरचा भाग 40 मिमीने आखूड केला तर गुणोत्तर 3.33 होतं, हालचाल सुमारे 17 टक्क्यांनी घटते. वरचा भाग तसाच ठेवून खालचा 75 मिमी केला तर गुणोत्तर 3.2, म्हणजे 20 टक्के घट. दोन्ही एकदम केलं तर घट थेट 33 टक्क्यांवर जाते.

जोराचा हिशोब याच्या उलट चालतो. हालचाल 20 टक्के घटली की जोर 25 टक्के वाढतो. 33 टक्के घटली की दीडपट जोर लागतो, निम्मी झाली की दुप्पट. जाहिरातीत पहिला आकडा ठळक असतो, दुसरा आपला आपण काढायचा.

आणखी एक समज आधीच दूर करतो. शॉर्ट शिफ्टरने गाडी वेगवान होत नाही. गिअर बसायला लागणारा खरा वेळ गिअरबॉक्सच्या आत जातो. तिथे पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या कोनवर घासून दोघांचा वेग सारखा करते आणि वेग जुळेपर्यंत स्लीव्हला, म्हणजे गिअर अडकवणाऱ्या सरकत्या कड्याला, पुढे सरकू देत नाही. दांडा आखूड झाला म्हणून ही रिंग घाई करत नाही. आपण घाई करून दांडा रेटत राहिलो तर तीच झिजते. हाताखालचा नेमकेपणा आणि वळणात स्टिअरिंगवर राहिलेला हात, एवढाच या भागाचा फायदा. घाटात तो पुरेसा मोठा असतो, म्हणून तर हा लेख लिहितो आहे.

आधी रोग ओळखा

‘गिअर लांब पडतो’ अशी तक्रार असलेल्या बऱ्याच गाड्यांत गिअर लांब नसतोच, सैल असतो. न्यूट्रलमध्ये दांडा डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. स्प्रिंगचा ताण न जाणवता तो मोकळा लोंबत असेल, किंवा गिअरमध्ये असतानाही पुढे-मागे बोटभर हलत असेल, तर आधी बुश, म्हणजे सांध्यांतली छोटी अस्तरं, बघायचे. केबलच्या टोकाला नायलॉनची छोटी वाटी असते, ती पिनच्या गोळ्यावर चापून बसलेली असते. जुन्या गाडीत ही वाटी पिवळट होते, तिच्या कडेला केसासारखी चीर जाते आणि पिन तिच्यात गोल न फिरता खडखडत राहते. एअर फिल्टरचा डबा बाजूला करून, कुणाला तरी आत दांडा हलवायला सांगून, टॉर्चच्या प्रकाशात गिअरबॉक्सकडचं टोक बघा. दांडा हलला आणि केबल जिथे जोडलेली असते तो गिअरबॉक्सवरचा बाहू हलायला उशीर लागला, की तुमची अर्धी हालचाल तिथे वाया जाते आहे.

याच वेळी इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंगही तपासा. रबर फाटलं असेल तर ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना गिअरबॉक्सच झोके खातो आणि दांडा त्याच्याबरोबर डुलतो.

गिअर जड पडत असेल तर कारण क्लचमध्ये आहे की गिअरबॉक्समध्ये, हे ओळखायची सोपी पद्धत आहे. इंजिन बंद ठेवून क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत मऊ पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. चालू गाडीत, उभ्या जागी क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकला आणि खर्र आवाज आला तरी निष्कर्ष तोच. केबलचा क्लच असेल तर ॲडजस्टमेंट, हायड्रॉलिक असेल तर ऑइल आणि हवा बघावी लागेल. शॉर्ट शिफ्टरने यातलं काहीच बरं होत नाही, उलट जड गिअर आणखी जड होतो.

गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर आधी ते बदला. ग्रेड मॅन्युअलमध्ये असतो तोच घ्यायचा. मॅन्युअलमध्ये जीएल-4 लिहिलं असताना ‘जीएल-5 त्याहून भारी’ म्हणून कुणी ते ओतत असेल तर थांबवा. जीएल-5 मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं पितळी सिंक्रोला मानवतीलच असं नाही, आणि सिंक्रोला लागणारं घर्षणही त्यामुळे बिघडू शकतं.

माझा अनुभव असा, की नवे बुश, योग्य ऑइल आणि केबलची ॲडजस्टमेंट एवढ्यावर अनेक जणांचं समाधान होतं. तसं झालं तर शॉर्ट शिफ्टरचे पैसे टायरला ठेवा. पावसाळ्यात केळघर उतरताना ते जास्त उपयोगी पडतील.

टेप आणि काटा घेऊन मोजा

सगळं नीट केल्यावरही दांडा लांबच वाटत असेल तर मोजमाप घ्या. नॉबवर मास्किंग टेप लावून मधोमध रेघ मारा. कन्सोलवर, म्हणजे दोन सीटमधल्या खोक्यावर, एक फूटपट्टी पुढे-मागे चिकटवा. तिसऱ्या गिअरपासून चौथ्यापर्यंत ती रेघ किती मिलिमीटर सरकते ते लिहा. मग पहिल्या-दुसऱ्याचं आणि पाचव्याचं. न्यूट्रलमध्ये डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंतची आडवी हालचालही वेगळी लिहा, ती पुढे लागणार आहे.

जोर मोजायला प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा डिजिटल काटा चालतो. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, क्लच दाबलेला. नॉबला सुतळी बांधून काट्याने मागे ओढा आणि दुसरा गिअर पडताना काटा कुठपर्यंत गेला ते बघा. गिअर अडला तर जोर लावू नका, गाडी किंचित ढकलून पुन्हा करा. समजा 3 किलो आले. 20 टक्के आखूड शिफ्टरवर तेच 3.75 किलो होईल, 33 टक्क्यांवर साडेचार, 40 टक्क्यांवर 5. आता सुतळी ओढून काट्यावर 5 किलो आणून धरा आणि विचार करा, की महाबळेश्वरच्या गारठ्यात पहाटे, गिअर ऑइल थंड असताना, हे दर मिनिटाला करायचं आहे. बहुतेकांचा निर्णय इथेच होतो.

तुमच्या गाडीत यंत्रणा कोणती

भाग निवडण्याआधी हे कळलंच पाहिजे, कारण तिन्ही प्रकारांत शॉर्ट शिफ्टर वेगळा असतो.

बोलेरो, जिप्सी, जिम्नीसारख्या गाड्यांत गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे लांबीच्या दिशेने असतो आणि दांडा थेट त्याच्या डोक्यात उतरतो. इथे शॉर्ट शिफ्टर म्हणजे सरळ दुसरा दांडा. काम सुटसुटीत आणि परिणामाचा अंदाजही अचूक. मात्र गोळ्याखालची सीट आणि वरचं रबरी बूट चोख बसलं पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्सचा आवाज आणि उष्णता केबिनमध्ये येते.

मारुती 800, जुनी झेन, एस्टीम यांत दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत गाडीखालून रॉड जातो. त्याचे सांधे चिखल-पाण्यात उघडे असतात. या गाड्यांत सांध्यांचे बुश बदलणं हाच निम्मा शॉर्ट शिफ्टर आहे.

आज रस्त्यावर दिसणाऱ्या पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक गाड्यांत, म्हणजे स्विफ्ट, आय ट्वेंटी, पोलो यांत, दोन केबल असतात. एक पुढे-मागेसाठी, दुसरी डावी-उजवीसाठी. इथे शॉर्ट शिफ्टर दोन ठिकाणी बसू शकतो. एक, कन्सोलमध्ये, पिव्होटची उंची किंवा खालच्या टोकाची लांबी बदलून. दोन, गिअरबॉक्सवरच्या बाहूवर. बाहू आखूड केला की केबलच्या कमी ओढीत तो जास्त कोनात फिरतो, म्हणून दांडा कमी हलवावा लागतो. दुसरं काम कन्सोल न उघडता होतं. पण ते करताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. अनेक गाड्यांत मूळ बाहूवर लोखंडाचं एक जड वजन असतं. ते चुकून राहिलेलं ओझं नाही. गिअर सरकताना त्या वजनाची गती सिंक्रोच्या अडथळ्यातून दांडा अलगद पुढे नेते. ॲल्युमिनियमचा हलका, रंगीत, वजन नसलेला बाहू लावला की गिअर खरखरीत, दातेरी वाटायला लागतो. वजन राखणारा किंवा मूळ वजन परत लावता येणारा भागच घ्या.

कन्सोलमधला आणि गिअरबॉक्सकडचा असे दोन्ही भाग एकत्र लावायचा मोह होतो. दोन्ही 20 टक्क्यांचे असतील तर बेरीज 40 होत नाही, 0.8 गुणिले 0.8 म्हणजे 0.64, घट 36 टक्के आणि जोर 56 टक्के जास्त. माझ्या मते रोजच्या गाडीत हे नको.

एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत यातलं काही करू नका. तिथला दांडा केवळ सेन्सरला सांगतो, त्याचा गिअरशी थेट संबंध नाही.

किती टक्के घ्यावं

घाट आणि गाव दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीला 15 ते 25 टक्के. पोवई नाक्यापासून बसस्थानकापर्यंतच्या गर्दीत पहिला-दुसरा करत जाणारा हात हाच तुमचा परीक्षक आहे. 30 टक्क्यांच्या पुढचं ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसमध्ये ठीक. घरात गाडी एकापेक्षा जास्त जण चालवत असतील, त्यात आई-वडील असतील, तर 15 च्या आसपास राहा. त्यांच्या मनगटाचाही विचार करायला हवा.

टक्क्यांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा, की आडवी हालचालही कमी होते का? काही किट दोन्ही बाजूंनी आखूड करतात आणि ते विकताना फायदा म्हणून सांगतात. मला ते धोक्याचं वाटतं. गिअरचे उभे पट्टे (पहिला-दुसरा, तिसरा-चौथा असे) जवळ आले की चौथ्यातून पाचवा टाकताना तिसरा पडू शकतो, तिसऱ्यातून चौथा टाकताना दुसरा. क्लच सोडला की चाकं इंजिनला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. रेव्ह लिमिटर, म्हणजे इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, पेट्रोल तोडू शकतो, पण चाकांनी फिरवलेलं इंजिन थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला लागले तर हेड उतरवावं लागतं. म्हणून पुढे-मागे आखूड, डावी-उजवी मूळ अंतर, आणि न्यूट्रलला मध्यावर आणणारी स्प्रिंग ठणठणीत, अशी जोडी शोधा.

भाग हातात घेऊन

गाडीचं नाव सांगून भाग मागवू नका, गिअरबॉक्सचा कोड सांगा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलला वेगवेगळे गिअरबॉक्स असतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या एमक्यू 200 आणि एमक्यू 250 या नावांतले आकडे तो गिअरबॉक्स साधारण किती न्यूटन मीटर टॉर्क पेलतो ते सांगतात, आणि एकाचं किट दुसऱ्याला बसेल असं गृहीत धरता येत नाही. परदेशातून मागवत असाल तर उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीला बसतो का हेही लेखी विचारा, आणि सीमाशुल्क धरून किंमत काढा.

मग वेल्डिंग बघा. दांडा एका तुकड्यातून वळवलेला की मध्ये जोडलेला? गोळा गुळगुळीत आहे का, नखाने चाचपला तर यंत्राच्या रेघा लागतात का? बुश कशाचे आहेत? ॲसिटल (एक कडक प्लास्टिक) किंवा नायलॉनचा बुश नेमकेपणा देतो आणि कंपनही थोडं गिळतो. पितळी बुश घट्ट असतो, पण डिझेल गाडीत उभ्या जागी दांडा किणकिणायला लागतो. रॉड-एंडचे, म्हणजे उघड्या गोळ्याचे सांधे दुकानात अतिशय देखणे दिसतात. आपल्याकडे मात्र उसाच्या हंगामात शेतरस्त्यांची धूळ आणि नंतर जावळी-पाटणचा पाऊस, या दोन्हींत ते रबरी टोपीशिवाय लवकर खुळखुळे होतात. टोपी नसेल तर घेऊ नका.

रिव्हर्स चुकून पडू नये म्हणून असलेली कडी हा शेवटचा मुद्दा, आणि इथे तडजोड नाही. ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत नॉबखालची रिंग वर ओढावी लागते, फोक्सवॅगन-स्कोडात दांडा खाली दाबावा लागतो. नवा दांडा किंवा नॉब ही व्यवस्था जशीच्या तशी चालू ठेवत नसेल तर तो नाकारा.

लेथवर कापून घ्यावा का

‘दांडा आणा, दोन इंच कापून वेल्ड करून देतो’ असं सांगणारे भेटतात. एमआयडीसीत उत्तम हाताचे फिटर आहेत, त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नाही. पण आजच्या अनेक दांड्यांत आत कंपन गिळणारा रबराचा थर असतो, रिव्हर्सच्या रिंगची तार आतून जाते आणि गोळा प्लास्टिकच्या घरात बसतो. वेल्डिंगच्या उष्णतेत रबर आणि प्लास्टिक दोन्ही जातात. जोडाशेजारचा पोलाद ठिसूळ झाला तर दांडा नेमका जोर लावतानाच तुटेल. पूर्ण नवा दांडा मूळ नमुन्यावरून बनवून घेणं वेगळं, आणि जुन्याला कापून जोडणं वेगळं. पहिलं करता येतं, दुसरं मी कुणालाही सुचवणार नाही. जुन्या, साध्या सळईच्या दांड्याचा वरचा भाग आखूड करून नव्याने आटे पाडणं मात्र सुरक्षित आहे.

स्वस्तात चव घ्यायची असेल तर आधी नॉब बदलून बघा. बुटका नॉब दांड्याची उंची कमी करतो, जड नॉब गिअर सरकताना गती देतो. आटे जुळले पाहिजेत: होंडाला एम 10 बाय 1.5, टोयोटाला एम 12 बाय 1.25. फोक्सवॅगन घराण्यात नॉब आट्यांचा नसून बूटसकट क्लिपने बसतो. घासलेल्या गिअरबॉक्सवर फार जड नॉब लावला तर खड्ड्यात गिअर आपोआप निसटू शकतो, आणि एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतला धातूचा नॉब हात भाजतो.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करायला मनाई आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. गिअर लिव्हरचा तपशील आरसीवर नसतो, त्यामुळे एमएच 11 असो, 50 असो की 10, हा बदल सहसा त्या कचाट्यात येत नाही. वॉरंटीत असलेल्या गाडीत मात्र गिअरबॉक्सचा दावा नाकारला जाऊ शकतो. विमा कंपनीला ईमेल करून कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

बसवणं आणि तपासणं

गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटं थांबा, कारण कन्सोलखाली अनेक गाड्यांत एअरबॅगचं युनिट असतं. उघडण्याआधी प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो घ्या आणि केबल ॲडजस्टरच्या जागेवर मार्करने खूण करा. केबलचं टोक स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने उचकटलं तर नायलॉनची वाटी तडकते, दोन्ही बाजूंनी सारखा जोर देऊन काढा. प्लास्टिकला चालेल असंच ग्रीस वापरा.

नवा भाग बसला की केबल नव्याने लावाव्या लागतात. पोलो-फाबियाच्या घराण्यात त्यासाठी सोय केलेली आहे: गिअरबॉक्सवरचा शाफ्ट न्यूट्रलमध्ये लॉक करायचा, आतला दांडा साडेचार मिमीच्या ड्रिल बिटने भोकात अडकवायचा आणि मगच ॲडजस्टर मोकळे करून परत बसवायचे. तुमच्या गाडीची पद्धत सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. अंदाजाने केबल लावणारा मिस्त्री असेल तर ‘दादा, न्यूट्रल लॉक करूनच लावा’ असं स्पष्ट सांगा.

बूट आणि कन्सोल बसवल्यावर प्रत्येक गिअरमध्ये दांडा कशाला टेकतो का बघा. गिअर पूर्ण बसण्याआधीच दांडा कन्सोलला अडला तर तो गिअर भाराखाली उडी मारून बाहेर येईल. गिअर बसल्यावर दांडा अजून एक-दोन मिमी पुढे जाऊ शकला पाहिजे, हीच खात्री. दांड्याचं खालचं टोक लांबलं असेल तर सायलेन्सरच्या पत्र्याला लागत नाही हेही खालून बघून घ्या.

पहिली फेरी मोकळ्या सपाट रस्त्यावर घ्या, घाटात नको. हळू वेगात सगळे गिअर वर-खाली, मग रिव्हर्स उभ्या जागी दोन-चार वेळा. नंतर यवतेश्वर चढा. तिथल्या वळणांत तिसऱ्यातून दुसरा टाकताना दांडा सिंक्रोपाशी क्षणभर थांबतो, तिथे त्याला थांबू द्या आणि स्थिर दाब ठेवा, तो स्वतः आत जाईल. हात दांड्यावर ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर आता ती सोडा, कारण गुणोत्तर काहीही असो, तो भार आत शिफ्ट फोर्कवर, म्हणजे स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्यावर, सतत घासत राहतो.

सुमारे 500 किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा आवळा आणि काट्याने दुसऱ्या गिअरचा जोर परत मोजा. तो बसवल्या दिवशीपेक्षा वाढला असेल तर केबल कुठेतरी वाकते आहे किंवा बुश घट्ट होतो आहे, तेव्हा तिथेच उघडा. मूळ दांडा, बाहू, बुश आणि क्लिपा एका डब्यात घालून वर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. वॉरंटीच्या वादात किंवा गाडी विकताना त्यांची गरज पडते.